गिरणीतला अंगठा आणि गोठ्यातला अंगठा



या खेपेला हरभऱ्याच्या घाटेअळीवर लिहायचे ठरवले होते. टिपणही काढून ठेवले होते. पण पंधरा दिवसांपूर्वी माण तालुक्यातून एका बहिणीचे पत्र आले आणि अळी बाजूला राहिली. बहिणीचे नाव-गाव छापत नाही. पत्रातला मजकूर मात्र तिच्याच शब्दांत देतो.

"२०२४ च्या दिवाळीआधी वैरण घालताना कडबाकुट्टीत माझ्या उजव्या हाताचा अंगठा गेला. शेजारचं बोट हाये, पण ते वाकत नाही. सिव्हिलला तीन खेपा घातल्या तवा दाखला मिळाला. त्यावर ३० टक्के लिवलंय. पोस्टानं कार्ड आलं ते पांढरं आलं. पंचायतीत दाखवलं तर म्हणाले, याचा काय उपयोग नाही. साहेब, मला धार काढता येत नाही, खुरपं धरता येत नाही. मग उपयोग नाही ते कार्डाचा का माझ्या हाताचा, तेवढं कळवा."

पत्र वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला. उजवा अंगठा रुमालाने तळहाताशी बांधला, परसात गेलो आणि मेथीच्या वाफ्यात खुरपे धरून बसलो. पाऊण वाफाही झाला नाही. खुरपे हातातून सुटते, चार बोटांनी नुसते ओढले जाते. सौभाग्यवती दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आता तसंच म्हशीखाली बसून दाखवा." मी बसलो नाही. म्हैस माझ्यापेक्षा शहाणी आहे, तिने लाथच घातली असती.

या बहिणीला नुसते 'नियमात बसत नाही' असे उत्तर देणे मला अवघड गेले, याचे आणखी एक कारण आहे. असाच उजव्या हाताचा गेलेला अंगठा मी पूर्वी एकदा पाहिला होता, मुंबईत, डिलाईल रोडला. त्या अंगठ्याचे पैसे जवळजवळ पन्नास वर्षे चालू होते.

ती हकिकत सांगतो, म्हणजे सरकारचा पैसा कुठल्या वाटेने येतो आणि कुठे अडतो ते कळेल.

आमच्या वाडीतल्या एका पोराचा उजवा पाय २०२१ च्या नोव्हेंबरात रोटाव्हेटरमध्ये सापडला. गुडघ्याखाली चार बोटे राहिला, बाकीचा कापावा लागला. पोरगा सव्वीस वर्षांचा, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. सिव्हिल हॉस्पिटलने ७० टक्क्यांचा दाखला दिला. कृत्रिम पाय कुठे चांगला बसवतात याची चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी हाजी अलीचे नाव सांगितले. महालक्ष्मीला समुद्राच्या कडेला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ सालापासूनची. लोक तिला नुसते 'हाजी अली' म्हणतात. २०२३ च्या फेब्रुवारीत मी त्याला घेऊन निघालो. एस. टी.त त्याला पाव भाडे पडले, आणि दाखला ६५ टक्क्यांच्या वरचा असल्यामुळे सोबतीचा म्हणून मला अर्धे. ही सवलत पुष्कळांना ठाऊक नसते.

उतरायचे कुठे, हा प्रश्न आमच्याकडच्या माणसाला पडत नाही. आमच्या भागात म्हातारी माणसे अजून 'मुंबईला' म्हणतच नाहीत, 'डिलायरोडला' म्हणतात. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी इकडची गावेच्या गावे तिथल्या चाळींत भरलेली असत. प्रत्येक गावाची एक खोली, तिला गावकीची खोली म्हणायचे. वीसवीस जणांच्या ट्रंका एकावर एक, आणि झोपायचे पाळीप्रमाणे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच वळकटीवर. जेवण खानावळीत. आता गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या आहेत, तरी आमच्या गावची खोली अजून टिकून आहे. नोकरीसाठी आलेली चार पोरे आणि एक आबा, एवढेच तिथे राहतात.

आबांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. १९७४ साली जवळच्याच एका गिरणीत कार्डिंग खात्यात त्यांचा उजवा अंगठा मुळापासून गेला. पोराचा पाय बघितल्यावर त्यांनी आपला हात पुढे केला आणि म्हणाले, "याचं मला अजून येतंय."

पोराला खरे वाटेना. गिरणी तर कधीच बंद पडली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आबांसारखे कित्येक जण पुन्हा आत गेलेच नाहीत. मग पैसे देते कोण?

आबा म्हणाले, "गिरणी न्हाय देत. इमा देतो. वरसाला हयातीचा दाखला दिला की झालं. रक्कम लई न्हाय, पर कधी तुटली न्हाय. संपात घरात दाणा नव्हता तवा बी आली."

आबांचा 'इमा' म्हणजे राज्य कामगार विमा, ई. एस. आय. १९४८ साली त्याचा कायदा झाला आणि १९५४ मध्ये तो मुंबईच्या गिरण्यांना लागू झाला. त्याच्याही आधी, १९२३ साली, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. तो झाला तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी बसत होते. माणूस आपल्याच कोकणातला, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. डिलाईल रोडला आता त्यांचेच नाव आहे, ना. म. जोशी मार्ग. टपालाच्या पत्त्याखेरीज ते कुणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी.

या कायद्यांना एक यादी जोडलेली आहे. शरीराचा कुठला भाग गेला म्हणजे कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा तो दरपत्रक म्हणा. दोन्ही हात गेले तर १००. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. अंगठा गेला तर ३०. वाचताना अंगावर काटा येतो, पण गरिबाच्या बाजूने पाहिले तर या यादीइतकी भल्याची वस्तू दुसरी नाही. साहेबाच्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही. यादीत ३० लिहिले आहे, म्हणजे पुऱ्या पेन्शनीचे ३० टक्के, आणि तेही मरेपर्यंत.

आजच्या हिशेबाने सांगतो. पूर्ण अपंगत्व आले तर विमेदाराला मजुरीच्या नव्वद टक्के मिळतात. समजा एखाद्या कामगाराला महिना २०,००० रुपये पगार आहे. त्याचे नव्वद टक्के म्हणजे १८,०००. अंगठ्याचे ३० टक्के म्हणजे ५,४०० रुपये महिना, जन्मभर. अंगठा जाऊनही तो दुसरीकडे नोकरी करू लागला, तरी ते बंद होत नाहीत. दारिद्र्यरेषेचे कार्ड कुणी मागत नाही, जमीन किती आहे हे कुणी विचारत नाही. कारण तो पैसा मदत म्हणून दिलेला नाही. कामगाराच्या पगारातून शंभराला ७५ पैसे आणि मालकाकडून ३ रुपये २५ पैसे दर महिन्याला कापले जातात, त्यातून तो उभा राहतो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना हा विमा आहे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले गेले. आपल्या मुलांपैकी कुणी एम. आय. डी. सी.त कामाला असेल, तर त्याचा विमा क्रमांक आहे की नाही ते आज रात्री फोन करून विचारा. नसला तर पोराचा हात आणि आपला हात सारखाच समजा.)

आता आमच्या पोराकडे वळू. आबांनी त्याला विचारले, "तुझा पाय कुणाच्या रानात गेला?"

"आमच्याच."

"ट्रॅक्टर कुणाचा?"

"आमचाच, आबा. हप्ते चालू हायती."

"मग मागणार कुणाकडं? मालक बी तूच आन् मजूर बी तूच."

या एका वाक्यात सगळे आले. मी बी. एस्सी. ॲग्री झालो, तीस वर्षे पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून काढली, पण एवढे स्वच्छ मला कधी मांडता आले नव्हते. दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टरवर किंवा विजेच्या यंत्रावर मजुरीने काम करताना हात-पाय गेला, तर १९२३ चा कायदा त्या मजुरालाही लागू होता. गावात तो कुणी वापरलेला मी पाहिला नाही. मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार फार वाढले तेव्हा १९८३ साली केंद्र सरकारने धोकादायक यंत्रांचा एक खास कायदा केला. त्याचेही नाव आपल्या पंचक्रोशीत कुणाला माहीत असेल असे वाटत नाही. पण स्वतःच्या रानात स्वतःचा पाय गेला तर हे कायदे काय करणार? तिथे विमा नाही आणि मालकही नाही. तिथे येते ती शासनाची मदत, आणि मदतीला दारे असतात. एकेक दार सांगतो.

पहिले दार दाखल्याचे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. कागदोपत्री आता 'दिव्यांग' म्हणतात, खिडकीवर तोच शब्द दिसेल. आपण घरात काय म्हणायचे ते आपण ठरवावे, पण अर्ज भरताना तोच लिहावा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा, सेवा केंद्रातून भरून मिळतो. मग जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी तपासणी होते. डॉक्टर टक्के ठरवतात आणि कार्ड पोस्टाने घरी येते. कार्डाच्या रंगातच सगळे भविष्य असते. ४० टक्क्यांच्या आत असेल तर पांढरे, ४० ते ७९ पिवळे, ८० आणि पुढे निळे.

येथेच आपल्या बहिणीचे अडले. गिरणीच्या यादीत अंगठा ३० टक्के आणि सिव्हिलच्या दाखल्यातही ३० टक्केच. आकडा तोच, हातही तसाच. पण गिरणीच्या हिशेबात प्रत्येक टक्क्याला मोल आहे. ३० असतील तर ३० टक्क्यांचे पैसे, १४ असतील तर १४ चे. शासनाच्या मदतीत ४० ला एक उंबरा घातलेला आहे. उंबऱ्याच्या अलीकडे ३९ असले तरी शून्य, आणि पलीकडे ४० असो की ७९, रक्कम एकच. आबांचा अंगठा उंबऱ्याविना मोजला गेला, बहिणीचा उंबऱ्याला अडकला. मला विचाराल तर हे बरोबर नाही. मेंढपाळाच्या, शेतकऱ्याच्या, मजुराच्या उजव्या हाताचा अंगठा आणि टेबलावर बसणाऱ्याचा अंगठा एकाच तागडीत घालणे, हे काही मोजमाप नव्हे.

दुसरे दार तहसील कचेरीचे. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून महाराष्ट्रात आहे. ४० टक्के अपंगत्व, वय १८ ते ६५, राज्यात पंधरा वर्षे वास्तव्य आणि उत्पन्नाची मर्यादा, अशा तिच्या मुख्य अटी. सर्वसाधारण निराधाराला कुटुंबाचे वर्षाला २१,००० रुपये ही मर्यादा आहे. अपंगांसाठी ती वेगळी आणि अधिक आहे, तेव्हा तलाठ्याने '२१ हजारांच्या वर आहे' म्हणून परत पाठवले तर परत येऊ नका, तहसीलात जाऊन विचारा. रक्कम २०१९ मध्ये महिना १,००० रुपये झाली, जुलै २०२३ पासून १,५००. जून २०२५ मध्ये बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरी येथे उपोषण केले, त्यांची मागणी ६,००० ची होती. त्यानंतर सप्टेंबरात मंत्रिमंडळाने अपंगांपुरती ती २,५०० केली, ऑक्टोबर २०२५ पासून. पैसे आधार जोडलेल्या खात्यावर थेट येतात. आधार जोडलेले नसले, किंवा हयातीचा दाखला राहिला, तर ते मुकाट्याने थांबतात. कुणी कळवायला येत नाही.

निळ्या कार्डावर आणखी एक निवृत्तिवेतन आहे, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना, केंद्राची, २००९ पासूनची. त्याला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेचे नाव लागते. केंद्राचा त्यातला वाटा महिना ३०० रुपये आहे. २०१२ साली तो ३०० झाला आणि आजही ३०० आहे. त्या काळात सुग्रासच्या पोत्याचा भाव काय होता आणि आज काय आहे, ते आपल्याला मी सांगायला नको. बाकीची रक्कम राज्य घालते म्हणून हातात बरे पैसे पडतात.

आमच्या पोराचे ७० टक्के. म्हणजे पिवळे कार्ड, निराधार योजनेत बसला, केंद्राच्या योजनेत नाही. गुडघ्याखाली पाय गेलेला माणूसही त्या ८० च्या उंबऱ्याखालीच राहतो, हे मला त्याच वेळी कळले.

तिसरे दार आमच्याच खात्याचे, आणि त्याविषयी लिहिताना माझी मान खाली जाते. शेतकऱ्याला अपघात झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना आहे. मृत्यू आला, किंवा दोन डोळे, दोन अवयव, अथवा एक डोळा व एक अवयव गेला, तर २ लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेला तर १ लाख. २०२१ साली ही योजना विमा कंपनीमार्फत चालत असे. आमच्या पोराला घरच्यांनी रक्ताच्या थारोळ्यातून उचलून थेट दवाखान्यात नेले. पोलीस पाटलाला सांगायचे, पंचनामा करायचा, हे कुणाला सुचणार? मला ही घटना कळली ती दुसऱ्या दिवशीच. मी दवाखान्यात जाऊन आलो, दोन हजार रुपयेही त्याच्या बापाच्या हातात ठेवले. पण कागद करा, असे काही मी बोललो नाही. त्या वेळी ते बोलणे मला निर्दयपणाचे वाटले. पाच महिन्यांनी प्रकरण पाठवले ते कंपनीने परत केले, अपघाताचा पुरावा नाही म्हणून. पुन्हा पाठवले, पुन्हा परत. १ लाख रुपये गेले ते गेलेच. त्याच्या बापाने मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ते अधिक लागते.

१९ एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने विमा कंपन्या मधून काढल्या आणि आता ते सानुग्रह अनुदान झाले आहे. वय १० ते ७५, सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या कुटुंबातला सातबारावर नाव नसलेला एक सदस्य, दोघांनाही लागू. म्हणजे घरची लक्ष्मी किंवा मुलगाही यात येतो. साप चावणे, वीज पडणे, विजेचा धक्का, झाडावरून पडणे, औषध मारताना विषबाधा, यंत्राचा अपघात, सगळे धरतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून तीस दिवसांत. तहसीलदारांच्या समितीपुढे तो जातो. म्हणून आता मी निर्दय झालो आहे. कुणाच्याही घरी असे घडले की भेटायला जातो आणि पाणी प्यायच्या आधी विचारतो, पोलीस पाटलाला कळवले का? वर्दी दिली का? लोकांना राग येतो. येऊ द्या. आपल्याही भावकीत कुणावर वेळ आली तर घरातल्या एका शहाण्या माणसाने रडणे बाजूला ठेवून एवढे काम त्याच दिवशी करावे.

यातही अवयव म्हणजे हात किंवा पाय असाच अर्थ धरला जातो. बँकेत वर्षाला २० रुपये कापून जो पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो, १८ ते ७० वयाच्या खातेदाराला, त्यातही तसेच. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख. तो प्रत्येकाने घ्यावाच, पासबुकात २० रुपये वजा झालेले दिसतात की नाही ते मे-जून महिन्यात पाहावे. अंगठ्याला मात्र तिथेही जागा नाही.

चौथे दार सर्वांत जवळचे आणि सर्वांत घट्ट बंद असलेले. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांवर खर्च करायचे असतात. पूर्वी ३ टक्के होते. घरपट्टी-पाणीपट्टीवर जगणाऱ्या लहान पंचायतीचे ५ टक्के म्हणजे चार-पाच जणांना काही हजार, एवढेच. पण तेही दरवर्षी मागितल्याखेरीज निघत नाहीत. ग्रामसभेत उठून, गेल्या वर्षी किती जमले आणि कुणाला दिले, एवढा एकच प्रश्न विचारावा. मोठ्या आवाजाची गरज नसते.

आता हाजी अलीचे राहिले. डिलाईल रोडवरून निघालो तेव्हा लोअर परळचा पूल नव्हताच. २०१८ साली धोक्याचा ठरवून तो बंद केला होता, नवा बांधणे चालू होते (तो २०२३ च्या नोव्हेंबरात पुरा खुला झाला). टॅक्सीवाल्याने सात रस्त्याकडून वळसा घातला. आबाही बरोबर आले होते, नको म्हटले तरी. तिथे पोराच्या पायाचे प्लॅस्टरमध्ये माप घेतले, पुन्हा दोनदा बोलावले, आणि तिसऱ्या खेपेला पाय बसवून दोन काठ्यांच्या मधून चालायला शिकवले. डॉक्टरीणबाईंनी विचारले, काम काय करतोस? शेती म्हटल्यावर त्यांनी त्याला सपाट फरशीवरून उतारावर नेले. चिखलात, ढेकळांत कसे चालायचे, उकिडवे कसे बसायचे हे विचारण्यासारखे आहे, लाजू नये. आपल्याच देशात १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय तयार केला, तो याचसाठी. विलायती पायाला बूट लागतो, आणि आपला माणूस रानात अनवाणी जातो. डॉ. सेठींना पुढे १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. केंद्राची साधने देण्याची योजनाही १९८१ पासूनच आहे. महिना २२,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्याला पाय, कुबड्या, तीनचाकी, ऐकण्याचे यंत्र फुकट मिळते. जिल्ह्यात शिबिरे होतात. तिथेही ४० टक्क्यांचा दाखला लागतो.

माणच्या बहिणी, आता तुझे.

तुझा ३० चा दाखला शेवटचा समजू नकोस. पत्रात तू लिहिलेस, शेजारचे बोट वाकत नाही. हे डॉक्टरांना दाखवले होतेस का? माझा अंदाज आहे, अंगठ्याच्या जखमेपुढे त्या बोटाकडे कुणाचे लक्ष गेले नसावे, आणि तूही बोलली नसशील. दोन ठिकाणी अधूपणा असला तर दोन्हीचे टक्के सूत्राने एकत्र धरतात. सरळ बेरीज होत नाही, थोडी कमी भरते, पण ३० चे पुढे नक्की जाते. २०१६ च्या कायद्याच्या ५९ व्या कलमाने दाखल्याविरुद्ध अपील करता येते. अर्ज साधा असतो. हाताचा नवा फोटो, क्ष-किरण चित्र आणि दवाखान्यातून सोडतानाचा कागद जोड. तपासणीला जाताना पदराखाली हात झाकून बसू नकोस. खुरपे आणि तांब्या पिशवीत घालून ने, आणि डॉक्टरांसमोर धरून दाखव. ४० होतीलच असे मी म्हणत नाही. झाले तर कार्ड पिवळे येईल आणि तहसीलचे दार उघडेल. नाही झाले तर तुला मदतीचा एक पैसा मिळणार नाही, हेही खोटे न बोलता सांगतो.

पण उपचाराला टक्के लागत नाहीत. सिव्हिलमध्ये किंवा हाजी अलीला हाताचा व्यायाम शिकवणारा व्यवसायोपचार विभाग असतो, तिथे पांढऱ्या कार्डाची बाईही जाऊ शकते. आखडलेले बोट वर्षभरात जितके मोकळे होईल तितके पुढे होत नाही, आणि तुझे वर्ष उलटून गेले आहे, तेव्हा ही खेप आधी कर. घरी करण्यासारखे एक सांगतो. खुरप्याच्या मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून ती मनगटाएवढी जाड करायची, आणि तळहातावरून एक पट्टा घ्यायचा, म्हणजे अंगठ्याविना पकड सुटत नाही. मी रुमाल बांधून पुन्हा करून पाहिले, या वेळी दीड वाफा झाला.

आणि ती कडबाकुट्टी अजून तशीच उघडी चालू असेल, तर आधी तिच्या तोंडाला पत्र्याचा लांब पन्हाळ बसवून घे. हात पात्यापर्यंत पोचणारच नाही इतका लांब, वरून झाकलेला. गावातला वेल्डिंगवाला अर्ध्या दिवसात करून देईल. बटण वैरण घालणाऱ्याच्या हाताशी असावे, भिंतीपलीकडे नव्हे. शेवटचा मुठका हाताने न ढकलता पुढच्या पेंढीने ढकलायचा. काकणे आणि पदर खोचल्याखेरीज यंत्राजवळ जायचे नाही, सुनेला आणि सासूलाही सांग.

अपिलाच्या अर्जाचा नमुना मी पोस्टाने धाडला आहे. सिव्हिलला जायचा वार ठरला की दोन दिवस आधी कळव, मला त्या बाजूला यायचेच आहे.

आमचा पोरगा आता काठीविना बांधावरून चालतो. ट्रॅक्टर विकला, शेळ्या घेतल्या आहेत. आबा गेल्या पावसाळ्यात डिलाईल रोडच्या खोलीतच गेले. त्यांच्या मागे वहिनींना अंगठ्याचे पैसे मिळत नाहीत, कारण ते त्यांच्या हातापुरतेच होते. तो कागद मात्र त्यांनी ट्रंकेत जपून ठेवला होता, १९७४ चा, त्यावर शाईने ३० लिहिलेले.

घाटेअळी पुढच्या खेपेला. तोवर हरभऱ्यात एकरी आठ-दहा तरी पक्षिथांबे उभे करून ठेवा, तुऱ्हाट्या चालतील.